मुशीतलं सोनं आणि पुस्तकातला आकडा

‘तावून सुलाखून’ हे आपण माणसांबद्दल बोलतो, पण शब्द सोनाराच्या दुकानातले. तावणं म्हणजे आगीत तापवणं. सुलाखणं म्हणजे भोक पाडून आत दुसरा धातू दडवलाय का ते बघणं. या परीक्षेत अंश सेल्सिअसचा कुठेच पत्ता नाही. सोनार बागेसरीतल्या, म्हणजे त्याच्या शेगडीतल्या, निखाऱ्याचा रंग बघायचा, मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, टाकणखाराची चिमूट टाकायचा आणि रस फिरू लागला की समजायचा.

शुद्ध सोन्याचा द्रवणांक १०६४ अंश, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य त्यामानाने अगदी अलीकडचं. फॅरनहाइटचा पाऱ्याचा तापमापक १७१४ चा, सेल्सिअसची मोजपट्टी १७४२ ची. पण पारा स्वतःच ३५७ अंशांना उकळतो, तो मुशीत काय टिकणार? पुढे तर गंमत झाली. सोनं मोजण्याऐवजी सोन्यानेच तापमापकं जुळवायला लागले. १९२७ च्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत हा बिंदू १०६३ धरला होता, १९६८ मध्ये तो १०६४.४३ झाला आणि १९९० पासून १०६४.१८ आहे. सोनं तेच, पट्टी तेवढी बदलत गेली.

मराठवाड्यात धातू वितळवण्याची गोष्ट सांगायची तर मी सोन्यापासून नाही, शिशापासून सुरुवात करीन. पैठण ही सातवाहनांची राजधानी, आणि त्यांच्या नाण्यांत शिशाची नाणी भरपूर. शिसं ३२७ अंशांना पातळ होतं, त्याला साधी चूलही पुरते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वर्णनात भरूच बंदरात तांबं, कथील आणि शिसं उतरत असल्याचं लिहिलंय, आणि पैठण व तेरचा माल गाड्यांवरून त्याच बंदराकडे जात होता. हेच शिसं सोनं शुद्ध करायलाही लागायचं. हिणकस सोन्यात जेवढी भेसळ असेल त्याच्या चौपट शिसं घालून ते शुद्ध करावं, असं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. तापल्यावर शिशाची राख होते आणि ती भेसळीचे हलक्या प्रतीचे धातू सोबत घेऊन जाते. सोनं मागे राहतं. देवगिरीच्या यादवांनी सोन्याची ‘पद्मटंक’ नाणी पाडली, तेव्हा या कसबाला काही शतकं होऊन गेली होती.

आता खरी मेख. सोनं १०६४ ला वितळतं आणि तांबं १०८५ ला. मग दोन्ही एकत्र केली तर कुठेतरी मधे वितळावीत, असं वाटतं ना? तसं होत नाही. ऐंशी भाग सोनं आणि वीस भाग तांबं घेतलं की मिश्रण सुमारे ९१० अंशांनाच पातळ होतं. वेगळ्या आकाराचे अणू घुसले की धातूची घट्ट मांडणी विस्कटते, हे त्यामागचं कारण. सोनाराची झाळ, म्हणजे दागिन्याचे तुकडे जोडणारा मिश्रधातू, याच गुणावर चालते. झाळ आधी वितळायला हवी, डाग (दागिना) नाही.

घरातल्या पदार्थांना तर एकच एक आकडाही चिकटत नाही. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून परभणीच्या थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते. गुळाला नेमका द्रवणांकच नाही. त्यात साखर, पाणी, क्षार असं बरंच काही असतं, तो आधी मऊ पडतो आणि मग करपतो. गुऱ्हाळावर म्हणूनच काकवीचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का ते बघतात. सोनाराच्या नजरेचीच ही दुसरी शाखा म्हणा.

जुन्या झाळीत तांबं-चांदी जास्त असायची, त्यामुळे डाग मोडला की कस उतरायचा आणि गिऱ्हाइकाला घट सोसावी लागायची. त्यावर उपाय म्हणून कॅडमियमची झाळ आली. बाजारात तिलाच ‘केडीएम’ म्हणायचे: ९२ भाग सोनं, ८ भाग कॅडमियम. कस टिकला. पण कॅडमियम ३२१ ला वितळतं आणि ७६७ ला उकळतं, म्हणजे सोनं पातळ होण्याआधीच त्याची वाफ सुटलेली असते. ती फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक. फायदा गिऱ्हाइकाचा, धूर कारागिराच्या छातीत. हॉलमार्क २००० साली आला आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला, तसं केडीएम मागे पडलं. मोडीत आलेल्या जुन्या पाटल्यांत मात्र ती झाळ अजून निघते, आणि अशी मूस तापायला लागली की जाणता कारागीर आधी खिडकी उघडतो.