नवा कप्पा : विज्ञानकथा आणि ‘असं घडलं असतं तर’

झेरॉक्स आणि वह्या-पेनांसोबत आपल्याकडे पुस्तकं भाड्यानं मिळतात, हे लोणार-मेहकरकडच्या मंडळींना माहीत आहेच. पोळ्यापासून त्यात हा कप्पा वाढवलाय. पुस्तक हातात घेतलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न, “भाऊ, हे खरं हाये का?” म्हणून हा कागद.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा कुणी कोप म्हटलं, कुणी शकुन. तपासणीत निघाले खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. विज्ञानकथा या तपासणीच्या बाजूची. नवल कितीही मोठं चालतं, पण त्याला कारण लागतं. नुसती यानं आणि धडाधड मारामारी असलेली पुस्तकं पोरं मागतात, तरी आम्ही ठेवत नाही.

सुरुवात जयंत नारळीकरांपासून करा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावानं पाठवली आणि बक्षीस मिळवलं. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ नेणाऱ्याला आम्ही कागदाची एक लांब पट्टीही देतो. तिला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा, मधोमध पेन टेकवा आणि न उचलता रेघ ओढत जा. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून जिथून निघाली तिथंच येते. ही पट्टी हातात असली की त्या कथेतली डाव्या-उजव्याची गंमत लवकर उमगते.

‘असं घडलं असतं तर’ म्हणजे इतिहासातली एकच गोष्ट बदलायची आणि बाकी जग तिच्यामागं चालवायचं. १७६१ ला पानिपतात विश्वासराव गोळी लागून पडले; नारळीकरांच्याच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये ती गोळी त्यांना नुसती चाटून जाते आणि मराठे जिंकतात. तरीही त्या जगातल्या मुंबईत इंग्रज आहेतच! लेखकानं फुकटची फुशारकी मारू दिली नाही, हे मला फार आवडलं. जाड कादंबऱ्यांत मात्र शंभर पानांनंतर पहिला बदल लेखकच विसरतो की काय, असं वाटतं. म्हणून आमच्याकडे कथासंग्रह जास्त.

आपल्या भागातही अशी जागा आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावात भोसल्यांच्या तोफांपुढं इंग्रजांच्या काही पलटणी पळाल्या होत्या. त्यांचा सेनापती वेलस्ली, त्यानं त्या परत फिरवल्या. फिरल्या नसत्या तर पंधरवड्यानं भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला असता का? यावर कुणी कथा लिहिली असेल तर दाखवायला आणा. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.

अनामत २०० रुपये, पुस्तक परत केलं की परत. भाडं पंधरा दिवसांचे १० रुपये. बाहेरगावचे असाल तर पुढच्या बाजाराच्या दिवशी आणून दिलं तरी चालेल, उशिराचा दंड नाही. शाळेच्या ओळखपत्रावर अनामत निम्मी. गुरुजींनी वर्गासाठी एकदम पाच पुस्तकं नेली तर भाडं नाही, फक्त नोंद करा. पावसात पन्नीत गुंडाळून न्या; भिजलेल्या पुस्तकाची किंमत अनामतीतून कापावी लागते.