जठरातील जंतुसंसर्ग आणि आश्रयदात्याची प्रथिने

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सर्पिल आकाराचा जंतू माणसाच्या जठरात वस्ती करतो आणि तेथील श्लेष्मकलेला, म्हणजे आतल्या अस्तराला, वर्षानुवर्षे टिकणारी सूज आणतो. या सुजेला जठरशोथ म्हणतात. ही वस्ती किती दाट होईल, सूज जठराच्या कोणत्या भागात पसरेल आणि तिचे पर्यवसान व्रणात किंवा कर्करोगात होईल की नाही, हे जंतूच्या विषारीपणाइतकेच तो ज्याच्या शरीरात राहतो त्या आश्रयदात्याच्या प्रथिनांवरही अवलंबून असते. संसर्ग झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या जठरात सूक्ष्मदर्शकाखाली सूज दिसते. मात्र त्यांपैकी सुमारे १० टक्के लोकांनाच व्रण होतो आणि १ ते ३ टक्के लोकांना जठराचा कर्करोग. हा फरक का पडतो, याचे उत्तर शोधताना संशोधकांचे लक्ष जंतूवरून माणसाकडे वळले.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी १९८२ मध्ये हा जंतू प्रथम प्रयोगशाळेत वाढवला. मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः जंतूंचे मिश्रण पिऊन जठरशोथ ओढवून घेतला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकले आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गोव्यात पोटाच्या जळजळीला सरसकट पित्त म्हणतात आणि तिचा दोष तिखट हुमण, व्हिनेगर, फेणी किंवा जाग्रण यांच्यावर ठेवतात. मिरचीने व्रण होतो या समजुतीला आधार नाही. व्रणाची प्रमुख कारणे म्हणजे हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. मिठाची गोष्ट मात्र वेगळी आहे. संसर्ग झालेल्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांना खारट आहार दिल्यावर त्यांच्यातील सूज आणि कर्करोग वाढल्याचे दिसले आहे, त्यामुळे पावसाळ्याच्या पुरुमेंतातले, म्हणजे साठवणीच्या जिन्नसांतले, खारवलेले मासे रोज ताटात असणे जंतू बाळगणाऱ्या माणसाला हितावह म्हणता येणार नाही.

जंतूला पहिला अडथळा श्लेष्माचा, म्हणजे अस्तरावरच्या चिकट थराचा, होतो. युरिएज या एंझाइमच्या साहाय्याने युरियापासून अमोनिया तयार करून तो आपल्याभोवतीचे आम्ल बोथट करतो आणि कशाभिकांच्या, म्हणजे शेपटीसारख्या तंतूंच्या, जोरावर श्लेष्मात शिरतो. हा श्लेष्म म्यूसिन नावाच्या, शर्करेच्या साखळ्यांनी मढलेल्या प्रथिनांचा बनलेला असतो. पृष्ठभागावरच्या पेशी एमयूसी-५-एसी हे म्यूसिन स्रवतात आणि जंतू बहुतांशी त्याच थरात आढळतात. खोल ग्रंथींतून येणाऱ्या एमयूसी-६ वरील विशिष्ट शर्करा मात्र जंतूच्या भित्तीला लागणाऱ्या कोलेस्टेरॉलयुक्त घटकाची निर्मिती रोखते, म्हणून ग्रंथींच्या तळाशी जंतू सहसा पोचत नाहीत. तिसरे म्यूसिन, एमयूसी-१, पेशीच्या आवरणातच रोवलेले असते. जंतू त्याला चिकटला की पाल शेपूट टाकते तसा पेशी त्याचा बाहेरचा भाग सोडून देते आणि जंतू त्यासह वाहून जातो. हे प्रथिन नसलेल्या उंदरांत जंतूंची संख्या जास्त आणि सूजही तीव्र आढळली आहे.

जंतूची चिकटण्याची साधने जठरातील ज्या प्रथिनांवर आणि शर्करांवर बेततात, तो या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. बॅब-ए हे जंतूचे प्रथिन लुईस-बी या रक्तगटाशी संबंधित शर्करेला धरते. ही शर्करा श्लेष्मकलेवर यायला माणसात एक विशिष्ट एंझाइम कार्यरत असावे लागते, आणि ते प्रत्येकात नसते. ओ रक्तगटाच्या लोकांत ग्रहणीचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा, व्रण अधिक आढळतो हे जंतूचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी नोंदले गेले होते. बॅब-ए आणि लुईस-बी यांच्या जोडीमुळे त्या जुन्या निरीक्षणाला निदान एक संभाव्य स्पष्टीकरण मिळाले. सॅब-ए हे दुसरे प्रथिन सायलिक आम्ल जोडलेल्या लुईस-एक्स शर्करेला पकडते. निरोगी जठरात ही शर्करा थोडी असते, सूज आली की वाढते; म्हणजे शरीराने संरक्षणासाठी उभी केलेली सूजच जंतूला पाय रोवायला नवी जागा करून देते. हॉप-क्यू या जंतूच्या प्रथिनाची गोष्ट याच वळणाची आहे. ते माणसाच्या पेशींवरील सीकॅम कुळातील काही प्रथिनांना जोडले जाते, आणि तीही सूजलेल्या जठरात वाढतात. २०१६ मध्ये उजेडात आलेल्या या जोडीची विशेष बाब म्हणजे उंदराच्या सीकॅमला हॉप-क्यू धरत नाही. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावण्याची घाई का करू नये, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

या यादीत टीएफएफ-१ या लहान प्रथिनाचाही समावेश होतो. श्लेष्मकलेची जखम भरून काढणे हे त्याचे काम आहे आणि ते नसलेल्या उंदरांच्या जठरात गाठी होतात. तेच प्रथिन जंतूच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड या शर्करा आणि मेद यांच्या रेणूला चिकटते आणि त्यामुळे जंतू श्लेष्मात टिकून राहण्यास मदत होत असावी. पूरक प्रथिनांच्या, म्हणजे जंतूंवर तुटून पडणाऱ्या रक्तातील प्रथिनांच्या, हल्ल्यापासून पेशीचे रक्षण करणारे डॅफ हे प्रथिनही जंतू आधारासाठी वापरतो. ते नसलेल्या उंदरांत सूज लक्षणीयरीत्या कमी आढळली. रक्षक आणि घरभेदी असे दोन गट पाडून ही प्रथिने समजून घेण्याचा प्रयत्न येथे निष्फळ ठरतो.

चिकटल्यावर जंतूचे अधिक आक्रमक वाण (उपप्रकार) सुईसारख्या स्राव-यंत्रणेने कॅग-ए हे प्रथिन पेशीत सोडतात. पेशीच्या आत ते एकटे फारसे काही करू शकत नाही. पेशीचेच सार्क आणि एबल हे एंझाइम त्याला फॉस्फेट जोडतात आणि मग ते एसएचपी-२ या प्रथिनाला धरून पेशीची वाढ आणि आकार बिघडवते. पूर्व आशियातील वाणांचे कॅग-ए एसएचपी-२ ला अधिक घट्ट धरते, तर भारतात मिळणारे वाण बहुधा पाश्चात्त्य प्रकाराचे असतात. भारतात संसर्ग खूप आणि जठराचा कर्करोग जपानच्या मानाने कमी, या कोड्याचा थोडा भाग यामुळे सुटतो. उरलेला आहारावर आणि माणसाच्या जनुकांवर सोपवावा लागतो.

सूज पेटवण्याचे काम पेशीतील पारखी प्रथिने करतात. नॉड-१ हे प्रथिन जंतूच्या भित्तीचे तुकडे ओळखते आणि एएलपीके-१ हे त्याच्या शर्करायुक्त रेणूचे अंश. दोन्ही मार्ग एनएफ-कप्पा-बी या नियंत्रक प्रथिनापाशी एकत्र येतात, पेशी इंटरल्युकिन-८ हे संदेशवाहक प्रथिन सोडते आणि पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल तेथे गोळा होतात. इतर जंतूंच्या कशाभिका ओळखणारा टीएलआर-५ हा ग्राही (पेशीवरील पारखी प्रथिन) मात्र या जंतूच्या कशाभिकेला प्रतिसाद देत नाही, कारण जंतूने नेमका तोच तुकडा बदललेला आहे. त्याचे लिपोपॉलिसॅकराइडही टीएलआर-४ या दुसऱ्या ग्राहीला फारसे जागे करत नाही. याच्या उलट टोकाला इंटरल्युकिन-१० आहे. हे प्रथिन सूज आवरते. ते नसलेले उंदीर जंतूला हुसकावून लावतात, पण त्याची किंमत म्हणून त्यांच्या जठरात तीव्र दाह होतो. दीर्घकाळ सौम्य सूज सोसणे हा शरीराने स्वीकारलेला एक व्यवहार्य तोडगा आहे असे म्हणण्यास त्यामुळे जागा राहते.

आम्लाशी असलेला संबंध रोगाची दिशा ठरवतो. संसर्ग जठराच्या खालच्या भागापुरता राहिला तर तेथे आम्ल आवरणारे सोमॅटोस्टॅटिन घटते, आम्ल वाढवणारे गॅस्ट्रिन वाढते, आम्ल जास्त स्रवते आणि ग्रहणीला व्रण होण्याचा संभव वाढतो. सूज जठराच्या मुख्य भागात पसरली तर आम्ल घटते, ग्रंथी झडू लागतात आणि कर्करोगाची वाट मोकळी होते. इंटरल्युकिन-१ बीटा हे प्रथिन आम्लस्राव जोराने दाबते. ते अधिक प्रमाणात तयार करणाऱ्या जनुकप्रकारांचा जठराच्या कर्करोगाशी संबंध स्कॉटलंड आणि पोलंडमधील लोकांत २००० मध्ये दाखवला गेला. पुढे सर्वच लोकसमूहांत तो तितका स्पष्ट दिसला नाही. तरी ज्या उंदरांच्या जठरात हे मानवी प्रथिन मुद्दाम निर्माण करवले, त्यांना जंतूविनाही सूज आली आणि पुढे पेशींत कर्करोगपूर्व बदल झाले, हा पुरावा डावलण्यासारखा नाही.

धातूंवरील झटापट थोडक्यात सांगता येते: न्यूट्रोफिलांतील कॅलप्रोटेक्टिन जस्त अडवून धरते, लॅक्टोफेरिन लोह. जस्ताच्या टंचाईत कॅग-ए सोडणारी यंत्रणा मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे.

निदानात यांपैकी मोजकीच प्रथिने उपयोगात आहेत. रक्तातील पेप्सिनोजेन-१ आणि पेप्सिनोजेन-२ या जठरात तयार होणाऱ्या प्रथिनांचे गुणोत्तर घसरले तर ग्रंथी झडल्याची शंका घेतात. जपानमध्ये या चाचणीचा चाळणी म्हणून वापर झाला आहे. गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा खासगी रुग्णालये येथे दुर्बिणीने घेतलेल्या तुकड्याची युरिएज चाचणी, श्वासचाचणी किंवा शौचातील प्रतिजनाची (जंतूच्या ओळखखुणेची) चाचणी या नेहमीच्या पद्धती आहेत. उपचारात आम्लरोधक औषधासोबत दोन किंवा अधिक प्रतिजैविके साधारण १४ दिवस देतात; भारतातील वाणांत मेट्रोनिडॅझोलला प्रतिकार मोठ्या प्रमाणावर असल्याने औषधांची निवड डॉक्टरांवरच सोपवावी. कोकमातील गार्सिनॉल हे द्रव्य प्रयोगशाळेत या जंतूला मारते, पण त्यावरून जेवणानंतरच्या सोलकढीला औषध ठरवता येत नाही.

जंतू गेल्यावर न्यूट्रोफिल काही आठवड्यांत नाहीसे होतात, तर लिम्फोसाइट पेशी रेंगाळतात आणि सूज पूर्ण ओसरायला एखादे वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. रक्तातील प्रतिपिंडेही दीर्घकाळ टिकतात, म्हणून बरे झाल्याची खात्री रक्तचाचणीने होत नाही. त्यासाठी प्रतिजैविके संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी, आणि आम्लरोधक गोळी २ आठवडे थांबवून, श्वासचाचणी करतात.