केवड्याने घडवलेली भेंडी

कृषी सेवा केंद्रात भेंडीचे बियाणे मागताना शेतकरी आधी विचारतो, "केवड्यात टिकते का?" केवडा हा भेंडीवरचा रोग: पाने शिरांपासून पिवळी पडत जातात, फळे फिकट आणि राठ निघतात, अख्खा प्लॉट हातचा जातो. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूरोगाची नोंद मुंबई इलाख्यात १९२४ मध्येच झाली होती.

उतारा मात्र दिल्लीहून आला. पश्चिम बंगालमधल्या एका भेंडीत विषाणू शिरूनही लक्षणे उमटत नव्हती. तिचा पुसा मखमली या वाणाशी संकर करून भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या हरभजन सिंग यांच्या चमूने पुसा सावनी हा वाण काढला. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी याच वाणाचे बीजोत्पादन हाती घेतले आणि १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. आपल्याकडच्या खासगी बियाणे उद्योगाच्या मुळाशी सरकारी संशोधकांची ही मेहनत आहे. तिचा उल्लेख फार कमी होतो, याचे वाईट वाटते.

पुढे सावनीही केवड्याला बळी पडू लागली. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी तिचा रानभेंडीच्या जातीशी संकर केला. दोन्ही जाती वेगळ्या असल्याने पहिल्या पिढीत वांझपणा आला. पुन्हा पुन्हा सावनीशीच संकर करत त्यांनी परभणी क्रांती उभी केली. माझ्या मते मराठवाड्याने शेतीला दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी ही एक.

हे सगळे सरळ वाण, म्हणजे घरचे बी राखता येणारे. संकरित बी दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते, म्हणून कंपन्यांचा ओढा तिकडे राहिला. १९७३ मध्ये बंगळूरच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सची भारत ही संकरित ढोबळी मिरची आली. १९८८ च्या बियाणे धोरणाने भाजीपाल्याच्या बियाण्याची आयात सोपी केली आणि स्पर्धा वाढली.

भेंडीला संकर मानवतो, कारण फूल मोठे असते. आदल्या संध्याकाळी बी धरणाऱ्या मादी ओळीतल्या कळीचे पुंकेसर चिमट्याने काढायचे, सकाळी नर फुलाचे पराग लावायचे. एवढ्या कष्टावर एका फळात चाळीस-पन्नास बिया भरतात. जालना, देऊळगाव राजा भागात बीजोत्पादनाच्या प्लॉटवर हे 'क्रॉसिंग' बहुतेक बायकाच करतात.