प्रोस्टेटवाढीवरील अल्पछेदी उपचारांच्या चाचण्या

वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीवरचा कमी चिरफाडीचा नवा उपचार कितपत गुणकारी आणि सुरक्षित आहे, हे रुग्णांवर पद्धतशीरपणे तपासून पाहणाऱ्या चाचण्या. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते. उतारवयात ती वाढली की लघवीची धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते, मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. ही वाढ कर्करोग नव्हे.

औषधांनी भागले नाही, तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा आतला भाग कापून काढतात. टीयूआरपी नावाच्या या शस्त्रक्रियेने धार चांगली सुटते. मात्र रक्तस्रावाचा धोका असतो आणि नंतर अनेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. हे टाळण्यासाठी यूरोलिफ्ट (ग्रंथीचे फुगलेले भाग बारीक टाचण्यांनी बाजूला ओढून धरणे) आणि रेझुम (पाण्याच्या वाफेने ऊती मारणे) असे उपचार आले.

यश मोजायचे मुख्य साधन म्हणजे आयपीएसएस ही प्रश्नावली. तिच्यातल्या सात प्रश्नांची उत्तरे रुग्ण स्वतः देतो आणि गुण 0 ते 35 असतात. 20 किंवा जास्त म्हणजे त्रास तीव्र. खरी अडचण इथेच आहे. उपचार झाला या नुसत्या समजुतीनेही माणसाला बरे वाटते, गुण उतरतात. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून एका गटावर बनावट उपचार करतात: दुर्बीण खरोखर आत जाते, यंत्राचे आवाजही ऐकवले जातात, उपचार मात्र होत नाही. यूरोलिफ्टच्या 206 पुरुषांवरील चाचणीत तीन महिन्यांनी उपचारगटाचे गुण सरासरी 11.1 ने उतरले, बनावट गटाचेही 5.9 ने. रेझुमच्या 197 जणांच्या चाचणीत हेच आकडे 11.2 आणि 4.3 होते. बनावट गटाशिवाय हा सगळा उतार उपचाराच्याच खात्यावर जमा झाला असता. वृद्ध रुग्णाच्या शरीरात उगाच दुर्बीण घालणे सहज पचणारे नाही. तरी त्याला आधी सर्व सांगून संमती घेतलेली असेल आणि ठरलेल्या मुदतीनंतर खरा उपचार खुला असेल, तर ते समर्थनीय ठरते. या दोन्ही चाचण्यांत तशी सोय होती.

तुलना तीन महिन्यांची, दुखणे मात्र वर्षानुवर्षांचे. त्यामुळे पाच वर्षांचा पाठपुरावा मोलाचा ठरतो. तोवर यूरोलिफ्टच्या सुमारे 13.6 टक्के, तर रेझुमच्या सुमारे 4.4 टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार करावा लागला. चाचण्या वेगवेगळ्या असल्याने हे आकडे शेजारी ठेवून एका उपचाराला सरस ठरवणे योग्य नाही. शिवाय रेझुमच्या चाचणीत ग्रंथी 30 ते 80 घनसेंटिमीटर असलेलेच पुरुष घेतले होते. त्याहून मोठी ग्रंथी असलेल्या रुग्णाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.