स्पॅनिश मॉस टिकवायची पद्धत आली कुठून? थोडी पार्श्वभूमी

पुण्यात हल्ली बऱ्याच नर्सऱ्यांमध्ये स्पॅनिश मॉसचे राखाडी लांब झुबके टांगलेले दिसतात, आणि बोहरी आळीत किंवा एखाद्या क्राफ्टच्या दुकानात गेलं की तोच प्रकार वाळवून, कधी हिरवा रंगवून पिशवीत मिळतो. फ्रेम, टेरॅरियम (काचेच्या भांड्यातली छोटी बाग), कुंडीतली माती झाकायला, गौरी-गणपतीच्या डेकोरेशनला, सगळीकडे वापरतात. २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून असल्या सुक्या सामानाकडे लोकांचं लक्ष जरा जास्तच गेलंय आणि ते चांगलंच झालं. पण आज आपण जो राखाडी भाग जपायला धडपडतो ना, तो भाग शंभर वर्षांपूर्वी मुद्दाम कुजवून फेकून द्यायचे. हे कळल्याशिवाय मॉस टिकवणं म्हणजे नक्की काय ते समजत नाही असं माझं मत आहे.

आधी झाडाबद्दल. हे शेवाळ नाहीच, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, टिलँडशिया उस्निऑइडिस, हिला इवलीशी हिरवट फुलंसुद्धा येतात. अमेरिकेत व्हर्जिनियापासून खाली पार अर्जेंटिनापर्यंत वाढते, दक्षिणेकडच्या राज्यांत ओक आणि सायप्रसच्या फांद्यांवरून कित्येक फूट खाली लोंबते. बांडगूळ पण नाही, ज्या झाडावर असते त्याचा रस वगैरे काही पीत नाही, अंगावरच्या बारीक खवल्यांनी पावसाचं आणि दवाचं पाणी घेते. कोरडी असताना या खवल्यांमुळेच राखाडी दिसते, पाणी मारलं की बघता बघता हिरवट होते.

आता एखादी जुनी मेलेली काडी घ्या आणि दोन बोटांत चोळा. वरचं राखाडी साल भुगा होऊन पडतं आणि आत काळा, चिवट, किंचित कुरळा धागा राहतो, घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा. सगळा जुना धंदा या काळ्या धाग्याचा होता.

माणसाने हे झाड वापरायला लागून हजारो वर्षं झाली. अमेरिकेतल्या फ्लोरिडा, जॉर्जिया या भागात चार हजार वर्षांपेक्षा जुनी मातीची भांडी सापडलीत, त्या मातीत वनस्पतीचे धागे मळलेले होते आणि त्यात स्पॅनिश मॉस असल्याचं मानलं जातं. भाजताना धागे जळून गेले आणि त्यांच्या बारीक पोकळ्या भांड्यात तशाच राहिल्या. पुढे लुइझियानात फ्रेंच लोक आले, त्यांनी लाकडी चौकटीत चिखल आणि मॉस कालवून भरलं आणि घरांच्या भिंती केल्या, तसली घरं तिकडे अजून उभी आहेत.

मग आला गादी-सोफ्याचा काळ. लोक होडीतून दलदलीत जायचे, लांब काठीला आकडा लावून मॉस ओढायचे, काठावर ढीग लावायचे किंवा खड्ड्यात घालायचे, वर पाणी मारायचे आणि कित्येक आठवडे कुजू द्यायचे, मधे मधे ढीग उलटायचा. आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढतात, अगदी तेच तत्त्व. साल सडून गेलं की धुऊन तारांवर वाळत टाकायचं, मग जिनात, म्हणजे मॉस पिंजायच्या कारखान्यात, नेऊन पिंजायचं, काड्याकचरा काढायचा आणि गाठी बांधायच्या. जेवढा काळा तेवढा भाव जास्त, कारण काळा म्हणजे पूर्ण कुजलेला. हा धागा दाबला तरी परत फुगतो, म्हणून गाद्या, खुर्च्या, घोड्यांची खोगिरं, रेल्वेच्या आणि सुरुवातीच्या मोटारींच्या सीट, सगळ्यात भरला जायचा.

हे सगळं फोमने संपवलं. आधी रबरी फोम, मग १९५० च्या दशकात पॉलियुरेथेन, आणि बघता बघता जिनं बंद पडली. गंमत म्हणजे १९५४ मध्ये दुसरा एक फोम बाजारात आला, फुलं खोचायचा हिरवा ओला फोम, आणि तो दिसायला इतका रुक्ष की त्यावर काहीतरी पांघरावंच लागतं, त्या कामाला राखाडी मॉस एकदम फिट्ट बसलं. म्हणजे गादीत लपलेलं मॉस असं वर आलं, आणि आता कुजवायचं नाही तर साल धरून ठेवायचं, अशी सगळी पद्धतच उलटी झाली. मला या इतिहासातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो.

साल धरून ठेवायचे मार्ग दोन. एक साधा, वाफेने किंवा उष्णतेने आतले किडे मारून नीट वाळवायचं. दुसरा ग्लिसरीनचा, म्हणजे ग्लिसरीन घातलेल्या पाण्यात मॉस भिजवायचं. ग्लिसरीन शोधलं शीले नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये, नंतर साबणाच्या धंद्यात ते जोडीला ढिगाने निघायला लागलं. पानातल्या पाण्याच्या जागी ते जाऊन बसतं म्हणून पान कडक होत नाही, मऊ राहतं, आणि त्याच पाण्यात रंग घातला की रंगही चढतो.

पण ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये रंगवलेलं मॉस चिकट होतं, कधी थेंब धरतं आणि भिंतीवर हिरवे डाग पडतात. पुण्यात बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमजवळ लावणार असाल तर नुसतं वाळवलेलं घ्या, तेही ओल धरू नये इतकं उघड्यावर ठेवा नाहीतर बुरशी येते. उलट मार्च ते मे साधं वाळवलेलं इतकं कुरकुरीत होतं की हात लावला तर चुरा. आणि सुकं मॉस भसकन पेटतं, समई-निरांजनाच्या जवळ अजिबात नको.

आणि प्लीज, ताम्हिणी-मुळशीकडून झाडांवरचं शेवाळ खरवडून आणू नका. ते तिथल्या पावसाचं आहे, परत यायला फार वेळ लागतो. स्पॅनिश मॉस बाल्कनीत सावलीच्या उजेडात आरामात वाढतं, उन्हाळ्यात रोज भिजवायचं एवढंच, झुबका वाढला की हवा तेवढा कापून वाळवता येतो. कुजवायची जुनी पद्धत करून बघायची असेल तर मेलेल्या काड्या बादलीत पाण्यात घालून गच्चीवर ठेवा, घरात नको, कारण वास येतो.