एक गळा, दोन आवाज: 1966 मध्ये बीटल्सचा नाद कसा बदलला

बीटल्स ऋषिकेशला आले, ध्यान शिकले आणि त्यांचं संगीत पालटलं, ही गोष्ट आपल्याकडे इतक्यांदा सांगितली जाते की तारखा तपासायचं कुणाच्या मनातच येत नाही. चौघं ऋषिकेशला पोचले ते फेब्रुवारी 1968 मध्ये. ज्या अल्बमवर त्यांचा नाद मुळापासून बदललेला ऐकू येतो तो ‘रिव्हॉल्व्हर’ 5 ऑगस्ट 1966 ला, म्हणजे दीड वर्ष आधीच, दुकानांत आला होता. त्यात सतार आहे, तंबोरा आहे, एका गाण्यात अनिल भागवत यांचा तबलाही आहे. पण ही वाद्यं बाजूला ठेवून उरलेली गाणी ऐकली तरी 1963 च्या पहिल्या अल्बमचा बँड तो हाच, हे पटायला वेळ लागतो. ढोल कानाशी वाजतो, गळा एकाच वेळी एकाचा आणि दोघांचा वाटतो, गिटार उलटी वाहते. या बदलाचं बरंचसं उत्तर लंडनच्या ईएमआय स्टुडिओतल्या टेपमध्ये आहे.

पहिल्या अल्बमच्या 14 गाण्यांपैकी 10 गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली, तीही दोन ट्रॅकच्या मशीनवर, म्हणजे टेपवर शेजारी-शेजारी दोनच स्वतंत्र आवाजपट्ट्या. तेव्हा टेपचं काम कारकुनाचं होतं: समोर जे वाजेल ते टिपून ठेवायचं. ‘रिव्हॉल्व्हर’चं काम 6 एप्रिल 1966 ला सुरू झालं आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चाललं. मशीन चार ट्रॅकचं होतं, निर्माते तेच जॉर्ज मार्टिन, आणि मुख्य ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीत नव्यानं बसलेला जेफ एमरिक होता अवघा वीस वर्षांचा.

ढोलाचं आधी उरकून घेऊ. बेस ड्रमपासून माइक सुमारे दोन फूट लांब ठेवायचा असा स्टुडिओचा दंडक होता, कारण हवेचा जोरदार झोत माइकच्या नाजूक पडद्याला इजा करू शकतो. एमरिकनं माइक काही इंचांवर आणला आणि ड्रमच्या पोटात लोकरीचा स्वेटर कोंबला. स्वेटरमुळे कातड्याची कंपनं लवकर विरतात, ‘धूंऽम’चा ‘धप्’ होतो. अंतर 60 सेंटिमीटरवरून 8 सेंटिमीटरवर आणलं, तर थेट येणारा आवाज खोलीत घुमणाऱ्या आवाजाच्या तुलनेत ढोबळ हिशोबानं 17 डेसिबलनं वर जातो. म्हणून ढोल खोलीत वाजत नाही, कानाशी वाजतो. मग तो आवाज फेअरचाइल्ड 660 या व्हॉल्व्हच्या लिमिटरमधून जायचा. ठोका पडला की लिमिटर क्षणात आवाज दाबतो आणि नंतर सावकाश हात सैल करतो. तो सैल होताना झांजेची विरत जाणारी झणझण वर उचलली जाते, आणि झांज मागून फुगत आल्यासारखी वाटते.

आता मुख्य गोष्ट, गळ्याची. गाणं भरीव वाटावं म्हणून गायकानं तीच ओळ दुसऱ्या ट्रॅकवर पुन्हा गायची, ही युक्ती जुनी. माणूस दोनदा अगदी सारखं गाऊ शकत नाही. शब्द कुठे काही मिलीसेकंद आधी पडतो, कुठे नंतर, सूर केसभर इकडेतिकडे होतो, आणि या फरकातूनच भरीवपणा येतो. बँडचा गायक जॉन लेननला मात्र तेच तेच पुन्हा गाण्याचा मनस्वी कंटाळा. शिवाय चारच ट्रॅक असताना त्यातला एक याच कामी खर्च होतो. स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी 1966 मध्ये यावर जो उपाय काढला, तो आजही कागदावर मांडून बघावा इतका देखणा आहे.

टेप मशीनवर टेप तीन हेडवरून, म्हणजे तीन छोट्या विद्युतचुंबकांवरून, सरकते: आधी पुसणारं, मग लिहिणारं, शेवटी वाचणारं. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या हेडमध्ये, हिशोबापुरतं, 4 सेंटिमीटर अंतर धरू. टेपचा वेग सेकंदाला 15 इंच, म्हणजे सुमारे 38 सेंटिमीटर. 4 भागिले 38 केलं की 105 मिलीसेकंद येतात. लिहिणाऱ्या हेडखालून गेलेला टेपचा कण वाचणाऱ्या हेडपाशी इतक्या वेळानं पोचतो.

नुसती उशिराची नक्कल हवी असेल तर दुसऱ्या मशीनवर आवाज लिहून लगेच वाचला की झालं. पण तो 105 मिलीसेकंद मागे राहतो, आणि इतक्या अंतरावर दुसरा गायक ऐकू येत नाही, सरळ प्रतिध्वनी ऐकू येतो. टाउनसेंड यांनी उशीर कमी करण्याऐवजी आवाज आधीच मिळवला. अंतिम मिश्रण करताना चार ट्रॅकची टेप वाचणाऱ्या हेडवरून वाजते. पण हाच गळा 105 मिलीसेकंद आधी लिहिणाऱ्या हेडखालून गेलेला असतो. मग त्या हेडलाही वाचायला लावायचं! तिथून मिळालेला, ‘भविष्यातला’ गळा दुसऱ्या मशीनला द्यायचा. दुसरं मशीन तो लिहून वाचण्यात स्वतःचे 105 मिलीसेकंद घालवतं. जेवढा आधी मिळाला तेवढाच उशीर झाला, आणि नक्कल मूळ गळ्यावर बरोबर येऊन बसली.

मग फक्त दुसऱ्या मशीनचा वेग बदलायचा. त्याच्या मोटरला घरगुती विजेऐवजी ऑसिलेटरमधून, म्हणजे सेकंदाला हवी तितकी कंपनं (हर्ट्झ) देणाऱ्या उपकरणातून, वीज दिली की वेग हातात येतो. 50 ऐवजी 40 हर्ट्झ दिले तर टेप सेकंदाला 30.4 सेंटिमीटर सरकते, तिथला उशीर 132 मिलीसेकंद होतो आणि नक्कल मूळ गळ्याच्या 26 मिलीसेकंद मागे पडते. 60 हर्ट्झ दिले तर उशीर 88 वर येतो आणि नक्कल चक्क 18 मिलीसेकंद पुढे जाते. हेड वाचण्यासाठी घडवलेलं नसल्यामुळे नक्कल वरच्या सुरांत जराशी मळकट येते, पण ते पथ्यावरच पडतं. दुसरा गायक पहिल्याइतका चकचकीत असायची गरज नसते.

इथे एक शंका यायला हवी. टेपचा वेग बदलला तर सूर बदलत नाही का? वेग बदलून स्थिर राहिला तर नाही, कारण ज्या वेगानं लिहिलं त्याच वेगानं वाचलं जातं. सूर हलतो तो फक्त वेग बदलत असताना, कारण तेव्हा दोन हेडच्या मधल्या तुकड्यावर जुन्या वेगानं लिहिलेलं नव्या वेगानं वाचलं जातं. नियम सोपा आहे: उशीर सेकंदाला 1 मिलीसेकंदानं वाढत असेल तर सूर 0.1 टक्का उतरतो. एका अर्ध्या स्वराचं अंतर साधारण 6 टक्के असतं. म्हणजे उशीर सेकंदाला 6 मिलीसेकंदानं बदलत ठेवला की अर्ध्या स्वराच्या दहाव्या भागाइतका बेसूरपणा येतो. खरा दुसरा गायक इतका सहज हलतो. ऑसिलेटरची मूठ सतत अलगद हलवत राहिल्यामुळेच या नकलेत जीव येतो.

नक्कल किती मागे ठेवायची याचं गणित जरा किचकट आहे, पण गंमत त्यातच आहे. एकाच आवाजाच्या दोन प्रती 1 मिलीसेकंदाच्या फरकानं मिसळल्या, तर 500 हर्ट्झच्या लहरीसाठी हा फरक बरोबर अर्ध्या कंपनाचा होतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो आणि ती वारंवारिता नाहीशी होते. 1500, 2500, 3500 यांचीही तीच गत. मधल्या 1000, 2000, 3000 मात्र दुप्पट होतात. आलेख काढला तर कंगवा दिसतो, म्हणून ध्वनिमुद्रक याला कॉम्ब फिल्टर म्हणतात. आता फरक 25 मिलीसेकंद करा. पहिली फट 20 हर्ट्झवर येते आणि पुढे दर 40 हर्ट्झला एक. कंगवा मोडला नाही, फार बारीक झाला. 1000 हर्ट्झच्या आसपास आपला कान साधारण दीडशे हर्ट्झचा पट्टा एकत्र मोजतो. त्या पट्ट्यात तीन-चार दात मावतात, त्यामुळे कानाला फटी वेगळ्या जाणवत नाहीत. दातांमधलं अंतर 1000 हर्ट्झ असतं तेव्हा मात्र कान प्रत्येक फट पकडतो आणि गळा पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा वाटतो. फरक शून्यावरून इकडून तिकडे सरकवला तर दात भराभर ताणले जातात आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा तो प्रसिद्ध ‘सूऽऽ’ ऐकू येतो. वरची मर्यादाही कानच ठरवतो. ध्वनिशास्त्रज्ञ हेल्मुट हास यांनी 1949 मध्ये दाखवलं की सुमारे 30 मिलीसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज कान पहिल्यातच मिसळून टाकतो, स्वतंत्र प्रतिध्वनी म्हणून मोजत नाही. ढोबळमानानं 15 ते 30 ही दुसऱ्या गायकाची जागा.

वेगाचा खेळ त्यांनी आणखी रोकठोकही खेळला. त्याच सुमारास मुद्रित झालेल्या ‘रेन’ या गाण्याची साथ जलद वाजवून घेतली आणि टेप हळू चालवली. लय आणि सूर दोन्ही खाली आले, ढोल जड झाला. इथे लिहिण्याचा वेग एक आणि वाजवण्याचा दुसरा, म्हणून सूर खाली उतरला तो उतरलेलाच राहिला. याच कारणानं या काळातल्या कित्येक गाण्यांचे सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडतात. वाद्यं जुळवायच्या प्रमाण 440 ऐवजी 432 हर्ट्झला सूर लावला की शरीरातली ऊर्जा जागते, असं सांगणाऱ्यांचा बाजार सध्या जोरात आहे. 440 चे 432 करायला टेप फक्त 1.8 टक्के हळू चालवावी लागते. मोक्ष एवढा स्वस्त असता तर ढिल्या पट्ट्याच्या कॅसेट प्लेयरनं तो घरोघरी पोचवला असता.

हे आज घरच्या संगणकावर करायचं तर गळ्याचा ट्रॅक दुहेरी करा आणि नकलेला 22 मिलीसेकंदांचा उशीर द्या. तो स्थिर ठेवू नका. साधारण तीन सेकंदांत एक फेरी होईल असा 4 मिलीसेकंद मागेपुढे हलवा. यात सूर जास्तीत जास्त 0.8 टक्के हलतो, एवढं पुरे. हेलकावा अगदी नियमित ठेवला तर कान चौथ्या ओळीतच तो ओळखतो, म्हणून जमल्यास हातानं रेषा काढा. नकलेतला 7000 हर्ट्झच्या वरचा भाग छाटा आणि तिचा आवाज 4 डेसिबलनं कमी करा. ‘त’, ‘ट’, ‘क’ ही अक्षरं दोनदा टिचकी मारू लागली तर उशीर जास्त झाला आहे. गळा पोकळ वाटू लागला तर कमी झाला आहे, किंवा सॉफ्टवेअरनं स्वतःहून काही मिलीसेकंद सरकवले आहेत. हे फार वेळा घडतं. मूळ गळा डावीकडे आणि नक्कल उजवीकडे टाकली की हेडफोनवर प्रशस्त वाटतं, पण एकाच स्पीकरच्या फोनवर दोन्ही पुन्हा एकत्र येतात, म्हणून मोनो (दोन्ही बाजू एकत्र) करून ऐकल्याशिवाय काम संपवू नका.

‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये लेननचा गळा आधी या दुहेरीकरणातून येतो आणि उत्तरार्धात ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून. भोंगा कानाकडे येताना सूर चढतो, दूर जाताना उतरतो: शिट्टी देत गेलेल्या आगगाडीचा डॉप्लर परिणाम, दर सेकंदाला अनेकदा.

1969 मध्ये ‘अ‍ॅबी रोड’ अल्बमच्या वेळी स्टुडिओत आठ ट्रॅकचं मशीन होतं आणि जागेची चणचण संपली होती. ‘बिकॉज’ या गाण्यात लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांनी त्रिसुरी गायन तीनदा म्हटलं. नऊ गळे, एकही यांत्रिक नक्कल नाही. यंत्राची नक्कल मूळ गळ्याची प्रत्येक चूक इमानानं पुन्हा करते आणि मूठ जेवढी हलेल तेवढीच हलते. या नवांपैकी प्रत्येक गळा आपापल्या वेळी चुकतो, त्यामुळे कंगव्याचे दात कुठेच जुळून बसत नाहीत.