पार्श्वभूमी: हिरवा चर, काँक्रीटचा नाला आणि खर्चाचा हिशोब

पुण्यात रस्त्याकडेच्या हिरव्या चरांचा, म्हणजे पावसाचं पाणी नेणाऱ्या गवत-झाडोऱ्याच्या उथळ पन्हळींचा, विषय आता मीटिंगांमध्ये निघायला लागलाय, आणि निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, जमिनीखालच्या पाइपापेक्षा महाग पडणार का? उत्तर देण्याआधी शब्दाचा गुंता सोडवावा लागतो, कारण आपल्याकडचा निम्मा घोळ तिथेच आहे.

इंग्रजीतला शब्द स्वेल, त्यात मुद्दाम झाडोरा लावला की बायोस्वेल. पण स्वेल दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. शहरी ड्रेनेजवाल्यांचा स्वेल म्हणजे रुंद, उथळ, गवताळ पन्हळ, जिला शंभर फुटाला एक ते चार फूट उतार असतो, पाणी त्यातून सावकाश पुढे सरकतं, गाळ बसतो, थोडं मुरतं आणि उरलेलं पुढच्या चेंबरमध्ये जातं. दुसरा अर्थ ऑस्ट्रेलियातल्या पर्माकल्चरमधून, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर केलेल्या टिकाऊ शेतीच्या पद्धतीतून आला, 1970 च्या दशकानंतर तो पसरला, आणि त्यात उतार मुद्दामच शून्य ठेवतात, पाणी तिथेच थांबून मुरावं म्हणून. आता मराठीत याला आपण 'चर' म्हणतो आणि चर म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यासमोर टेकडीवरचा सलग समतल चर येतो, पाणलोटाच्या कामात गावोगाव खणलेला. म्हणजे आपला शब्द नेमका दुसऱ्या अर्थाकडे ओढतो, आणि खणणारा माणूसही हातच्या सवयीने तळ सपाट करतो.

टेकडीवर ते बरोबरच आहे. सोसायटीच्या गेटसमोर मात्र पाणी चार-चार दिवस साचून राहतं, डास होतात, तक्रारी जातात आणि शेवटी चर मुरूम टाकून बुजवतात, वर पेव्हर ब्लॉक. मग 'आपल्याकडे हे चालत नाही' असा शिक्का बसतो, जो मला अन्यायाचा वाटतो, कारण जे चाललं नाही ते मुळात वेगळंच काहीतरी होतं. पाणी एक-दोन दिवसांत निघून गेलंच पाहिजे हा रस्त्याकडेच्या चराचा पहिला नियम. त्यात पुण्याखाली काळा कातळ, वर कुठे मुरूम तर कुठे काळी माती, आणि काळी माती भिजली की फुगते, पाणी आत घेतच नाही. म्हणून इथे खाली खडी, त्यात भोकांचा पाइप आणि वर वाळूमिश्रित माती असा थर करावा लागतो. हा खर्च एस्टिमेटमधून सगळ्यात आधी कापला जातो आणि तो कापला की उरलेला पैसा पाण्यात.

जुना इतिहास थोडक्यात. अमेरिकेत 1930 च्या दशकात शेतं धुपायला लागल्यावर पाणी गवताळ पन्हळीतून काढायची पद्धत रुजली. आपल्याकडे मुंबई प्रांतात 1942 चा जमीन सुधारणा कायदा आला, बांधबंदिस्ती वाढली, पण ती शेतापुरतीच राहिली. शहरात हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या एका वसाहतीत. तिथल्या शहर इंजिनिअरांना उघडे चर मान्यच नव्हते, बिल्डरकडून हमीची रक्कम घेतली गेली, आणि पुढे जोराचा पाऊस आला तेव्हा चरांनी पाणी व्यवस्थित नेलं. पाइप वाचल्यामुळे प्रत्येक प्लॉटमागे साधारण 800 डॉलर वाचले.

खर्चाचा जो आकडा सगळे सांगतात तो सिएटलचा. 2001 मध्ये तिथे एक रस्ता वळणदार आणि अरुंद करून दोन्ही बाजूंना चर केले, खर्च साधारण 6 लाख 52 हजार डॉलर, तोच रस्ता नेहमीसारखा केला असता तर 8 लाख 69 हजार. पाव खर्च वाचला हे खरंय, पण हा फक्त बांधणीचा आकडा आहे, पुढची वीस वर्षं गवत कोण कापणार, गाळ कोण काढणार हे त्यात नाही. आणि तिथला पाऊस महिनोन् महिने भुरभुरणारा, आपला चार महिन्यांत कोसळणारा, उरलेले आठ महिने झाडं जगवायची.

महाराष्ट्रात निर्णय उलट दिशेने होत गेले. मुंबईची जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाची, 1993 च्या पावसाळी गटारांवरच्या अहवालाने 50 ची शिफारस केली, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. त्यानंतर पैसा गेला तो पंप, रुंदीकरण आणि संरक्षक भिंतींकडे. इतका पाऊस कुठलाच चर पेलणार नाही, तसा दावा कुणी करूही नये, चर रोजच्या सरींसाठी असतो आणि पाण्याचा लोंढा थोडा उशिरा खाली पोचावा म्हणून.

पुण्याचा आंबिल ओढा पेशवाईतच एकदा वळवला गेला होता. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीपर्यंत घरांत शिरला, त्या रात्रीच्या पावसात पुणे परिसरात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. उत्तर म्हणून पुन्हा भिंती आणि सरळीकरण आलं, जून 2021 मध्ये दांडेकर पुलाजवळ भर पावसाळ्यात घरं पाडायला सुरुवात झाली आणि कोर्टाने स्थगिती दिली. ओढा सरळ केला की पाणी वेगाने खालच्या वस्तीवर जातं, आणि काठाची जी जागा मोकळी होते तिची किंमत भिंतीच्या एस्टिमेटमध्ये कुठेच येत नाही. हिरव्या चराला मात्र तीच जागा महाग म्हणून नाकारतात.

देखभालीचं म्हणाल तर आमच्या गल्लीतलंच सांगते. चरात वाळा लावलाय, छान माजलाय, पण गेल्या जूनमध्ये पाणी आतच जाईना, रस्त्यावरून सरळ चौकाकडे. वाकून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला पाणी आत जायला जी फट ठेवलेली, तिच्या तोंडाशी गाळ आणि गवताची मुळं मिळून दोन बोटं उंच उंबरा झालेला. माळीकाकांनी खुरप्याने तो अर्ध्या तासात काढला आणि पुढच्याच सरीला पाणी वळलं. आता दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात हे करायचं ठरलंय, आणि त्या दिवसाची मजुरी सोसायटीच्या खर्चात वेगळी लिहिलीय.